हात न लावता जोडा

सुजात, मैत्रेयी,

गेल्या रविवारी फोनवर सुजात हसत हसत एक गोष्ट सांगत होता. तिकडे परदेशातल्या त्याच्या ऑफिसातल्या, आपल्याच देशातून आलेल्या एका सहकाऱ्याने त्याची पाठ थोपटली. थोपटता थोपटता त्याची बोटं शर्टावरूनच खांद्यापाशी काहीतरी चाचपत राहिली. जानवं सापडलं नाही. "मग तो जरा गप्पच झाला, आजी," असं म्हणून सुजात पुन्हा हसला. तुमची आईही हसली. मला हसू आलं नाही. फोन ठेवला, टेबल आवरलं, चष्मा पुसला आणि लिहायला बसले.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, तुम्हालाही. पण इंग्रजीत लिहिलं की माझं सगळं नीटनेटकं होतं. हे नीटनेटकं व्हायला नको आहे. सावकाश वाचा.

एक माणूस आम्हाला म्हणाला होता, "हात न लावता जोडा." भर दुपारी, पाहुण्यांसमोर, हसून.

आम्ही एका सॉफ्टवेअर कंपनीच्या नव्या इमारतीसमोर उभे होतो. चारी बाजूंना अजून ज्वारीची रानं आणि मधे ती काचेची इमारत. समोर मातीवर लाकडी ठोकळे ठेवले होते आणि ठोकळ्यांवर आमची पाटी. कंपनीचं नाव, अ‍ॅल्युमिनियमच्या अक्षरांत. एकेक अक्षर माझ्याहून उंच, मागून चौकटीला वेल्ड केलेलं. पाटी अखंड ट्रकमध्ये मावत नव्हती म्हणून दोन तुकड्यांत आणली होती. शेवटचा सांधा तिथेच जोडायचा, मग क्रेनने उचलून गच्चीवर. त्याचा मुहूर्त काढलेला होता.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगते. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला. ते कॅम्पातल्या एका ऑफिसात शिपाई होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबाच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून त्यांना एक गोष्ट कळली होती. आतलं बाहेर कळू नये, म्हणून आत इंग्रजीत बोलतात. म्हणून त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. मी बी.ए. झाले, स्टेनो झाले, चांगल्या ऑफिसात लागले. पुढे तिथे कॉम्प्युटर आले आणि माझं टेबल गेलं. तेव्हाच तुमचे आबा सरकारी कारखान्यातून बाहेर पडले होते. तिथे ते वेल्डर होते. येरवड्याच्या पुढे त्यांनी एक पत्र्याची शेड घेतली. मी म्हटलं, घरी बसून काय करू? मीही येते.

शेडमध्ये माझी कामं दोन. पहिलं, अक्षरं काढायची. प्लायवूडवर खडूने, खऱ्या मापाची. त्यावरून आबा पत्रा कापायचे, वाकवायचे आणि आर्गन वेल्डिंगने जोडायचे. दुसरं काम फोनचं. नव्या कंपन्या इंग्रजीत बोलायच्या, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल आबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं आपल्याला. हे सांगत नाही. रंग बदलत नाही. आहे तसंच दिसत राहतं आणि एकदम खचतं." आणि दुसरं म्हणजे स्वच्छता. सांधा जोडण्याआधी ब्रशने घासायचा, पुसायचा, कोरडा करायचा. ओल राहिली तर वरून चकचकीत दिसतं आणि आतून बारीक भोकांची जाळी.

त्या कंपनीची व्यवस्था बघणारे एक साहेब होते. सदाशिव पेठेतले. फोनवर माझ्याशी फार छान बोलायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्लिश ऐकलं की सकाळ बरी जाते. आमच्या ऑफिसातली पोरं काय बोलतात, देवाला ठाऊक." एकदा म्हणाले, "आपण कॅम्पातल्या वाटतं? की प्रभात रोड?" मी म्हटलं, येरवडा. ते म्हणाले, "असं होय, शेड तिकडे असेल." मी म्हटलं, घरही तिकडेच. त्यावर त्यांनी विषय बदलला. पुढे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं मला वाटत नव्हतं.

आमच्या शेडची एक रीत होती. पाटी लावताना बहुतेक ठिकाणी पूजा असायची. नारळ निघाला की आम्ही बाजूला व्हायचो, ट्रकपाशी जाऊन चहा प्यायचो. त्यांचं त्यांनी करावं, आपलं आपण. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. त्या दिवशीही आम्ही बाजूलाच होतो. सांधा घासून, पुसून तयार होता. गुरुजी तयारी करत होते. साहेब येऊन मला म्हणाले, "काय अक्षरं आलीयेत हो मॅडम! अमेरिकेत आहोत असं वाटतंय."

तेवढ्यात क्रेन आली. ऑपरेटर लोणी काळभोरचा, आबांच्या ओळखीचा. केबिनमधूनच मोठ्याने ओरडला, "जय भीम काका! हाय का समदं तयार?"

आबा म्हणाले, "जय भीम. ये, ये."

मी साहेबांकडे पाहत होते म्हणून मला दिसलं. त्यांनी आधी क्रेनकडे पाहिलं, मग आबांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. म्हणाले, "असं आहे होय." मग म्हणाले, "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून. खरंच वाटत नाही."

हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं होतं. ते कौतुक आहे हे कळून मला जास्त गार पडल्यासारखं झालं.

ते गुरुजींकडे गेले. दोघं हळू आवाजात बोलले. गुरुजी म्हातारे होते, त्यांनी दोनदा मान हलवली, नको अशी. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग कुणीतरी एक बाटली आणून दिली. गोमूत्राची. गुरुजींनी ते तांब्यात ओतलं आणि दर्भाने अक्षरांवर शिंपडलं. एकेका अक्षरावर. मग चौकटीवर. मग नेमकं त्या उघड्या सांध्यावर. मग आमच्या मशीनवर. मशीनवर शिंपडताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

साहेब आबांना म्हणाले, "मनात काही आणू नका. बऱ्याच हातांतून आलीये ना पाटी, म्हणून जरा शुद्धी. बंगलोरहून मोठे साहेब येतायत, त्यांचं असतं सगळं कडक. आता फक्त एक करा, पाटीला हात लावू नका."

आबा म्हणाले, "सांधा राहिलाय, साहेब."

"जोडा की. हात न लावता जोडा. ग्लोव्हज आहेत ना तुमच्याकडे? मग झालं तर!"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. विनोद चांगला झाला होता. वेल्डरचे ते चामड्याचे हातमोजे. ठिणगीपासून हात वाचवायला घालतात. त्या दिवशी ते पाटीला आमच्यापासून वाचवायला होते.

आबांनी खिशातून फडकं काढलं आणि सांध्याकडे वाकले.

"अहो, पुसू नका! पुसायचं नसतं ते."

आबा थांबले. फडकं खिशात ठेवलं. म्हणाले, "बरं, साहेब."

आणि हसले.

मुलांनो, मला हे लिहायला एवढी वर्षं लागली ती या एका शब्दामुळे. ते हसले. कारखान्यात साहेबासमोर हसायचं ते हसू. वडिलांच्या तोंडावर मी लहानपणी पाहिलं होतं तेच, स्टुलावरून उठताना येणारं. मला वाटलं होतं ते हसू वडिलांबरोबर गेलं. ते माझ्या घरातच राहत होतं. मग आबांनी मानेला झटका देऊन डोक्यावरच्या वेल्डिंग हेल्मेटची काळी काच खाली पाडली, आणि तोंड दिसेनासं झालं.

वेल्डिंगची टॉर्च पेटली. ओल्या सांध्यावर चर्र झालं. धूर निघाला आणि तो वास. सांध्यावर काळं पसरत गेलं. आबांना दिसत होतं, त्यांच्याइतकं कुणाला दिसणार होतं? तरी ते वाकून जोडत राहिले. आतून जाळी झालेला सांधा, दाराच्या बरोबर वर टांगला जाणार होता. रोज शेकडो पोरं त्याखालून आत जाणार होती. पण खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात ती पोरं नव्हती. माझ्या मनात एवढंच होतं की त्या काचेआड हा माणूस अजून हसतोय का.

मी मशीनपाशी गेले आणि बटण बंद केलं. सिलिंडरची चावी फिरवली.

आबा काच न उचलता म्हणाले, "काय झालं गं?"

मी पाटीपाशी गेले. पदर हातात घेतला. सांधा अजून गरम होता. मी पदराच्या टोकाने तो पुसला आणि मग उघडा तळहात त्यावर ठेवला. भाजलं. उचलला नाही लगेच.

साहेब इंग्रजीत म्हणाले, मॅडम, तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईकडून ही अपेक्षा नव्हती. मी मराठीत उत्तर दिलं. माझं इंग्रजी त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं.

"हा सांधा कापायचा, घासायचा, पुसायचा आणि परत जोडायचा. आमच्या हातांनी. उघड्या हातांनी. ते चालणार असेल तर पाटी वर जाईल."

"मुहूर्त टळतोय इथे! नंतर काय ते बोलू."

"नंतर नाही."

"तुम्हा लोकांना जरा जवळ केलं ना…" साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. पुण्यात अशी वाक्यं पुरी करत नाहीत. ऐकणाऱ्याने करून घ्यायची असतात.

मी म्हटलं, "बोला ना पुढे. सगळे ऐकतायत."

त्यांनी घड्याळ पाहिलं. बंगलोरच्या साहेबांची गाडी फाटकात आली होती. ते म्हणाले, "उचला तुमचं भंगार."

क्रेनवाला खाली उतरला होता. त्याने मला विचारलं, "मावशी, उचलू?" मी आबांकडे पाहिलं. काच अजून खालीच. मी म्हटलं, "उचल."

मुहूर्तावर पाटी वर गेली नाही. दोन्ही तुकडे आमच्या ट्रकमध्ये परत चढले. येताना आबा येरवड्याच्या पुलावर फक्त एवढं म्हणाले, "तुला काय गरज होती?"

त्या कंपनीने दुसरीकडून पाटी करून घेतली. साहेबांच्या ओळखी पुष्कळ होत्या. काचेच्या इमारती रोज नव्या उठत होत्या, पण आमचा फोन वाजायचा बंद झाला. आम्ही दवाखान्यांच्या पाट्या केल्या, पेट्रोल पंपाच्या केल्या, शाळेची एक केली. ते दोन तुकडे शेडच्या भिंतीला टेकून उभे राहिले. वारा सुटला की अक्षरं घुमायची. पोकळ असतात ती. आबा ती कापू देईनात, विकू देईनात, जोडतही नव्हते.

आणि एक नवीन सुरू झालं. दुपारी मी डबा घेऊन जायचे तेव्हा आबा स्टुलावर बसलेले असायचे, हेल्मेट घालून, काच खाली. मशीन बंद. हातात टॉर्च नाही. नुसते बसलेले, त्या तुकड्यांकडे तोंड करून. मी म्हणायचे, "अहो, जेवायला चला." काचेआडून आवाज यायचा, "येतो." मी कधी ती काच उचलली नाही. माझा हात होत नव्हता. आजही तापल्या तव्यावर पाणी पडलं की मी गॅस बंद करून गॅलरीत जाते, तुमच्या आईला वाटतं मला धुराचा त्रास आहे.

अशीच एक दुपार. मी हाक मारली, ते उठले नाहीत. काचेआडूनच म्हणाले, "तू पाहिलंस ना त्या दिवशी?"

"काय?"

"माझं तोंड. काच पडायच्या आधी."

मी नाही म्हणू शकले असते. एवढा संसार झाला होता, एक खोटं खपलं असतं.

"पाहिलं," मी म्हटलं.

मग त्यांनी स्वतःच काच वर केली. चेहरा घामाने भिजला होता. त्यावर हसू नव्हतं.

"मग विसरू नकोस," ते म्हणाले. "मला वाईट वाटेल म्हणून विसरलीस, असं करू नकोस. पोरांना सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते तुकडे स्वतः कापले. मी कंपनीच्या नावाचं शेवटचं अक्षर ग्राइंडरखाली जाताना पाहिलं. त्या पत्र्यातून काय काय केलं ते आता आठवत नाही. पुढे काही वर्षांनी आबा गेले. त्या दिवसामुळे गेले असं मी म्हणणार नाही. पण तो दिवस त्यांच्यातून गेला नव्हता, एवढं मला माहीत आहे.

पोरांना मी सांगितलं नाही. तुमच्या आईला सांगितलं नाही. वाटलं, त्यांना हे ओझं कशाला? रविवारी सुजात हसला तेव्हा ते हसू मी ओळखलं. सुजात, रागावू नकोस. तू विनोद म्हणून हसलास हे मला माहीत आहे. आबाही विनोदालाच हसले होते.

आता मी काय करते ते सांगते. शेडचा फोन अजून मी घेते. कुणी मोठ्या पाटीचं काम घेऊन आलं, की माप विचारायच्या आधी मी सांगते. इंग्रजीत बोलले तर इंग्रजीत, मराठीत बोलले तर मराठीत. आम्ही बौद्ध आहोत. काम आमच्या हातांनी होईल. पूजा तुमची तुम्ही करा, पण आमच्या हाताचं काहीही धुवायचं नाही, शिंपडायचं नाही. चालत असेल तर मापं पाठवा.

काही जण "ऑफ कोर्स, मॅडम" म्हणतात. काही जण म्हणतात, "अहो, आम्ही कुठे विचारलं?" मी म्हणते, तुम्ही विचारत नाही म्हणूनच सांगते. काहींचा फोन तिथेच कटतो. कटू दे. मी जाईपर्यंत हे वाक्य पहिलं राहील, आणि माझ्यानंतर शेडमध्ये जी फोन घेईल तिच्याकडून मी ते पाठ करून घेतलं आहे.

शेड चालू आहे, आबांच्या हाताखाली शिकलेले वेल्डर आहेत. पत्रा नवा घातला, मशीन जुनंच आहे. तळहातावर सांध्याचा डाग आहे, उभा, करंगळीपासून मनगटापर्यंत.