वरून येणारा हात

आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, आणि याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. पण त्या पावसाळ्यात घरातल्या सशाची मला जेवढी धास्ती बसली, तेवढी कुठल्या परीक्षेचीही बसली नव्हती.

शाहूपुरीत आमच्या दोन खोल्या. यजमान कचेरीच्या कामावर चंदगडला गेलेले, पावसानं एस.टी. बंद पडल्यामुळं तिकडंच अडकलेले. घरात मी, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. ससा मलकापूरच्या बाजारातून तिच्यासाठीच आणलेला. परसात चहाच्या लाकडी खोक्यात तो राही, वर जाळीचं झाकण.

एके दिवशी परसात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. त्यानं उडी घालून खोकं उलटवलं. गल्लीतल्या लोकांनी काठ्या घालून त्याला मारलं, तेव्हा ससा मोरीत अंग चोरून बसला होता. कानावर एक ओरखडा. कुत्र्याच्या दाताचा की जाळीच्या तारेचा, कोण सांगणार? त्या संध्याकाळी सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी मुलीनं कुरवाळायला वरून हात घातला आणि तो चावला. बोटातून रक्त आलं.

डॉक्टरांनी जखम धुतली. पोटात टोचायच्या इंजेक्शनांचं नाव मीच काढलं.

"एवढ्याशा पोरीला लगेच सुया नकोत," ते म्हणाले. "ससा मारू नका, सोडू नका. मी सांगतो तितके दिवस नजर ठेवा. तो मेला, किंवा दिसेल त्याला चावत सुटला, तर त्याच पावली पोरीला घेऊन या."

आणि ससा चावायलाच लागला. शेजारणीला चावला, मला चावला. दूधवाल्यानं कौतुकानं हात घातला, त्यालाही.

"वैनी, ह्यो ससा हाय का इच्चू म्हणायचा?" बोट चोखत तो हसला. मला हसू आलं नाही. पोरीच्या सुयांच्या धास्तीनं डॉक्टरांकडं जाणं मी रोज उद्यावर ढकलत होते.

मुलगी पाणी प्यायला लागली की मी तिच्या गळ्याकडं बघत असे. साधा ठसका लागला तरी हातातलं काम टाकून धावत असे.

सासूबाईंचं एकच. "त्येला नजर लागलीया कुणाची तरी. त्यो जगला तर पोरगी जगली, एवढंच मला कळतंय." रोज दिवेलागणीला त्या झाकण काढत, मीठ-मोहऱ्या-मिरच्यांची मूठ सशावरून ओवाळत आणि चुलीत टाकत. घरभर ठसका उठे. दुसऱ्या दिवशी ससा आणखी कुणाला तरी चावे, आणि संध्याकाळी मिरच्या वाढत.

एका दुपारी मी खोक्याशेजारी जमिनीवर बसून पेपर तपासत होते. डावा हात जमिनीवर टेकलेला. बोटांना काहीतरी ओलं लागलं. दोन फळ्यांच्या फटीतून सशानं नाक काढलं होतं. हात मागे घ्यायचंही मला सुधरेना. त्यानं बोटं हुंगली, चाटली आणि आत गेला. चावला नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम जवळ थांबले. सासूबाईंची मूठ वर आली, तसा ससा तळाला चिकटला. कान पाठीवर, डोळे बाहेर, सगळं अंग थरथरत. मूठ फिरत राहिली आणि तो उसळून चावला.

"आत्या, थांबा जरा," मी सासूबाईंना म्हणाले.

खोकं मी आडवं केलं. तळहात उघडा ठेवून जमिनीवरून हळूहळू त्याच्यापुढं सरकवला. त्यानं हुंगलं आणि तो तसाच बसून राहिला. मग मी मूठ वळली आणि वरून नेली. कडकडून चावला.

"चावला!" मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

"येड लागलं का गं तुला?"

"आत्या, पिसाळलेलं जनावर हात खालून आला की वरून, हे बघत बसत नाही. ह्याला वरून येणाऱ्याची धास्ती बसलीय. कुत्रं वरून आलं. मग आपले हात. आणि रोज संध्याकाळी..."

त्यांनी स्वतःच्या मुठीकडं बघितलं. "म्हंजे मीच व्हय?"

"तुम्ही त्याला वाचवायलाच करत होता."

"मग आता मी काय करू? नुसतं बसून बघत ऱ्हायचं? तुला जमत आसंल. मला न्हाय जमत."

कानावरचा ओरखडा अजून तिथंच होता, आणि माझीही भीती पुरती गेली नव्हती. मी त्यांच्या हातात कोथिंबिरीच्या काड्या दिल्या. "खाली बसा. हात जमिनीला टेकवा."

गुडघे धरत त्या बसल्या. काड्या जमिनीवरून पुढं सरकवल्या. ससा बराच वेळ आला नाही. मग आला.

"खातोय की गं," त्या कुजबुजल्या.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत सरेपर्यंत ससा जगला, पुन्हा कुणाला चावलाही नाही, आणि मुलीच्या सुया टळल्या. तोवर मात्र आम्हा दोघींना एक घास धड गोड लागला नाही.