अक्काच्या गावाला तीन डबे

टेंभुर्णीत ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवणारे एक दादा आहेत. माझा नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता तेव्हापासूनची त्यांची ओळख. नवरा निवृत्त झाला, मागोमाग मीही शाळेतून सुटले, आणि एका दुपारी हे दोघे आमच्या ओसरीवर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला रेघोट्या ओढत बसलेले दिसले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"बाई, तुमच्या गाडीमागं एक खोली जोडतोय," दादा म्हणाले.

ती खोली म्हणजे दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि मागचं झाकण वर उचललं की त्याखाली शेगडी आणि भांड्यांचा कप्पा. आत उभं राहता येत नसे, रांगतच शिरावं लागे. दादांनी एक आमच्यासाठी केला, एक स्वतःसाठी. तिसरा आमच्या शेजाऱ्यांनी मागितला, म्हणजे अक्कानं. डबा बघायला ती आत शिरली ती बाहेरच येईना. आतूनच नवऱ्याला ओरडून म्हणाली, "अहो, मला हे पाहिजे."

अक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिचं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी. तिच्या नवऱ्याचे टॉवेलचे माग होते, ते त्यांनी बंद केले होते आणि दिवसभर करायचं काय हा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांना मी भाऊजी म्हणते. फार कमी बोलणारा माणूस. अक्का दोघांच्या वाटचं बोलायची.

आरटीओत बरेच खेटे घालून झाल्यावर आमची तीन जोडपी हिवाळ्यात बाहेर पडू लागली. पुढे दादा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मध्ये अक्का-भाऊजी, शेवटी आम्ही. घाई कुणालाच नसे. बदामीला गेलो, हंपीला गेलो. रस्त्यात थांबलं की माणसं गोळा व्हायची. "रसवंती हाय का?" "दातांचा दवाखाना हाय का?" मैंदर्गीच्या बाजारात तर एक म्हातारी अक्काच्या डब्यासमोर पिशवी उघडून उभी राहिली आणि कानडीत कांद्याचा भाव विचारू लागली. अक्कानं तिला आमच्यातले दोन किलो कांदे देऊन टाकले आणि संध्याकाळी आम्ही बिनकांद्याचं पिठलं खाल्लं.

मग अक्काचं पोट दुखू लागलं. आधी पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग तपासण्या, मग पुण्याला नेणं. तिथून परत आल्यावर भाऊजी आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ चप्पल काढायचीच विसरले. "डॉक्टर म्हणाले, आवडेल ते खायला घाला," एवढंच त्यांनी सांगितलं.

थंडी पडायला लागली तेव्हा अक्का गॅलरीतून म्हणाली, "यंदा कुठं जायचं?"

मी म्हटलं, "यंदा राहू दे गं."

"का? तुझे गुडघे दुखतात का?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी आत वळले. ती मागून आली, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. चेहरा उतरला होता, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"मला माझं गाव बघायचंय," ती म्हणाली.

"तुझं गाव सोलापूर."

"हे झालंच. ह्याच्या आधीचं."

तिच्या आजोबांचे वडील मागाचं काम शोधत तेलंगणातून सोलापुरात आले होते. त्यानंतर तिकडे कुणी गेलं नाही. पण घरात बोलताना सगळे 'मन ऊरु' म्हणायचे, आपलं गाव. आपल्या गावात असं करतात, आपल्या गावात तसं बोलतात. अक्काला त्या गावाचं नाव माहीत होतं आणि ते करीमनगरच्या पलीकडे आहे एवढं माहीत होतं. बाकी काही नाही.

तिचा मुलगा बंगळुरूला असतो. त्याला फोनवर कळलं तेव्हा तो चिडला. "बाबा, तिला नीट बसवत नाही आणि तुम्ही तिला त्या पत्र्यात घालून कुठं नेताय?" भाऊजी म्हणाले, "तीच मला नेतेय." आणि फोन ठेवला.

आम्ही निघालो. नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातून पुढे. त्या वेळी दादा इतकी हळू गाडी चालवत होते की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत. खड्डा आला की ते खिडकीतून हात बाहेर काढून खुणावत. आमच्या सहलीत आजाराचं नाव कुणी काढायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. ते मोडलं वहिनींनी. पहिल्याच मुक्कामाला अक्कानं ताटातली भाकरी हळूच भाऊजींच्या ताटात सरकवली, तशा वहिनी म्हणाल्या, "अक्का, तुमी आमच्यापसनं कशाला लपवता? न्हाय जात तर न्हाय जात. मी पेज करून देते. पण आमच्या म्होरं हसायचं न् तितं आत जाऊन कण्हायचं, असं नका करू. मला ऐकू येतं की सगळं."

अक्कानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "लई दुखतंय हो वहिनी."

त्यानंतर सगळं सोपं झालं. दुखलं की ती दुखतंय म्हणायची. आम्ही थांबायचो. वहिनी तिचे पाय चेपायच्या, मी तेल लावून वेणी घालायची. वेणीला केस फार उरले नव्हते, पण ती आरसा मागायची.

गाव सापडलं. दोन्हीकडे भाताची शेतं, एक तलाव, तलावाकाठी ताडाची झाडं. विणकरांची आळी कुठली म्हणून विचारत आम्ही तीन डबे घेऊन गल्लीत शिरलो आणि अडकलोच. पुढे जाता येईना, मागे घेता येईना. घराघरातून माणसं बाहेर आली. अक्कानं त्यांना तेलुगूत सांगितलं की मी इथली आहे. आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्या नावाचं कुणाला काही ठाऊक नव्हतं. आळीतले माग केव्हाच गेले होते. पोरं सुरतेला, भिवंडीला, काही सोलापूरलाच.

एक अगदी म्हातारी बाई ओट्यावर बसली होती. तिनं अक्काला हाक मारून जवळ बसवलं. दोघी बोलू लागल्या. मला कळत नव्हतं, पण अक्का जोरजोरात हात हलवत काही समजावत होती आणि म्हातारी मान हलवत होती. मग म्हातारी खदखदून हसली आणि आजूबाजूच्या बायकाही हसल्या. अक्काचा चेहरा क्षणभर पडला आणि मग तीही हसायला लागली.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

"म्हणते, तू कुठल्या देशाची? तुझं तेलुगू आम्हाला कळत नाही." पोट धरून हसत होती, दुखत होतं तरी हसत होती. "अगं, मी सगळं मराठीच बोलतेय म्हणे!"

त्या बाईनं आम्हाला जेवायला घातलं. भात, आंबट वरण, तिखट लोणचं. अक्कानं दोन घास खाल्ले. तोवर आळीतल्या माणसांनी डबे सोडवून हातांनी ढकलत गल्लीबाहेर काढले. निघताना म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. गाडीपाशी आल्यावर अक्का भाऊजींना म्हणाली, "इंटिकि पोदाम." एवढं तेलुगू मलाही येत होतं. घरी जाऊ या.

"तलाव बघायचा म्हणाली होतीस ना मघाशी?" भाऊजींनी विचारलं.

"बघितला. येताना दिसला की."

परतीच्या वाटेवर ती बहुतेक झोपूनच होती. गाडीतली पुढची सीट मागे पाडून तिला निजवलं होतं. शुद्धीत असली की वाटेतल्या पाट्या वाचायची. तेलुगू पाट्या संपल्या, कानडी सुरू झाल्या, मग एका ठिकाणी मराठी पाटी आली तसं तिनं ती मोठ्यानं वाचली. सिमेंटची जाहिरात होती.

उमरगा यायच्या आधी दिवस कलला. पुढे रेटण्यात अर्थ नव्हता. रस्त्यालगत एका शेतात विहीर आणि लिंबाचं झाड दिसलं. दादांनी शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "थांबा की. इचारायचं काय त्यात." ज्वारी हुरड्यात आली होती. त्यानं कणसं भाजून दिली. भाऊजींनी तळहातावर दाणे चोळून, फुंकून, एकेक करून अक्काला भरवले. तिनं ते नुसते तोंडात धरले. "गोड आहे," म्हणाली. मग थंडी वाजते म्हणाली, आणि आम्ही तिला डब्यात नेऊन दोन चादरी घातल्या. त्या भाऊजींच्या भावाच्या मागावरच्या होत्या, जाड. "उद्या घरी," मी म्हटलं. तिनं डोळ्यांनीच हो केलं.

सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा भाऊजी डब्याबाहेर स्टुलावर बसले होते. दार ओढून घेतलं होतं.

"अक्का उठल्या का?" वहिनींनी विचारलं.

"ती उठत नाही," भाऊजी म्हणाले. ज्वारीकडे बघत होते.

वहिनींनी चहाचा कप तसाच जमिनीवर ठेवला आणि मला हाक मारली. ती हाक ऐकूनच मला कळलं.

शेतकरी गावातल्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी तपासलं, हवं ते लिहून दिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावू का म्हणून विचारलं. माझा नवरा हो म्हणणार तेवढ्यात भाऊजी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "नको. ती आपल्याबरोबर आलीय. आपल्याबरोबरच जाईल."

शेतकऱ्याची बायको घरात गेली आणि हिरवी साडी घेऊन आली. घडीही मोडली नव्हती. मी म्हटलं, "अहो, एवढी नवी कशाला?" ती म्हणाली, "सवाशीण हाय. माझ्या रानातून जातीय. तशीच कशी जाऊ देऊ?" तिनं आणि वहिनींनी अक्काला कुंकू लावलं, ओटी भरली. मी वेणी घातली. पेड सारखे सुटत होते.

चालत्या डब्यात कुणी बसायचं नाही हा माझ्या नवऱ्याचा कडक नियम होता. त्या दिवशी भाऊजी डब्यात शिरले आणि अक्काच्या उशाशी बसले. माझा नवरा दारापाशी उभा राहिला, मग त्यानं हळूच दार लावलं. अक्काची गाडी दादांनी चालवली. दादांची वहिनींनी घेतली. त्यांना ट्रॅक्टर येतो, गाडी येते, पण डबा ओढून त्या हमरस्त्यावर कधी आल्या नव्हत्या. आम्ही नेहमीसारखे शेवटी. समोरचा डबा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

टोलनाक्यावर पोरगेलासा माणूस दादांच्या खिडकीशी आला. सगळे विचारतात तेच त्यानं विचारलं, "काका, ह्यात काय असतं?"

दादांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "आमची अक्का हाय."

त्यानं डब्याच्या खिडकीतून आत पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली आणि हातानं खूण करून आडवा दांडा वर करायला लावला.

मुलाला माझ्या नवऱ्यानं सकाळीच फोन केला होता; तो संध्याकाळी घरी पोचला, विमानानं हैदराबादला येऊन पुढे गाडी करून. म्हणजे आमच्याच रस्त्यानं, आमच्या मागून. आईला बघितलं आणि तो फुटला. सगळ्यांदेखत वडलांना म्हणाला, "रस्त्यावर मारलंत तिला. शेतात." वहिनी पुढे होऊन काही बोलणार होत्या, दादांनी त्यांचा हात धरला. भाऊजींनी अक्काच्या अंगावरची चादर सारखी केली. अजूनही मी कधी कधी तो म्हणाला ते खरं का, असा विचार करते. दवाखान्यात ती आणखी काही दिवस राहिली असती कदाचित.

पुढे बरेच दिवस तो बापाशी कामापुरतं बोलत असे. उन्हाळ्यात आला तेव्हा संध्याकाळी मी गॅलरीत होते. खाली तो अक्काच्या डब्याभोवती फिरत होता. मग दार उघडून रांगत आत शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मी खाली गेले. तो गादीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"काकू, ती कुठल्या बाजूला झोपायची?"

"त्या खिडकीकडं. तिला बाहेरचं दिसायला हवं असायचं."

तो सरकून त्या बाजूला आडवा झाला. मोठा माणूस, पाय दाराबाहेर आले. मी तिथून निघून आले.

नंतर त्यानं वडलांना बंगळुरूला चला म्हणून खूप आग्रह केला. ते गेले नाहीत. अक्काचा डबा दादा टेंभुर्णीला घेऊन गेले, शेडमध्ये झाकून ठेवलाय म्हणतात. यंदा थंडी पडल्यावर त्यांचा फोन आला होता. "बाई, काय करायचं?" मी म्हटलं, "बघू." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आमचा डबाही अंगणात उभा आहे, एका चाकातली हवा गेलीय.

भाऊजी सकाळी आमच्याकडे येतात, पेपर वाचतात. त्यांच्या घरात आता तेलुगू बोलायला कुणी नाही. परवा पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "कोंचेम नीळ्ळु इव्वु." थोडं पाणी दे. मग त्यांना कळलं आपण कुणाला म्हणालो ते. कान लाल झाले, पेपर घडी घालू लागले.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि भाजी चिरायला बसले.