अस्सल भोंगा

बोरगाव मेघेतला हा ग्रामोफोन जमवणारा दुकानदार मला लुटारूच वाटायचा. गरिबांच्या घरातल्या जुन्या वस्तू मातीमोल उचलणाऱ्यांची मला चीडच आहे. तो कंपनीची छाप बघत नाही. ती नवी चिकटवता येते म्हणतो. डोळे मिटून भोंग्याच्या सांध्यांवरून बोटं फिरवतो, झोपेत असल्यासारखा.

एकदा मी दुकानात असताना आंजीच्या एका काकूंनी विकायचा भोंगा राखेने घासून आणला.

"अवो काकू, जुना रंग काऊन घासला? त्याचीच तर किंमत!"

"चमकावं म्हनून, भाऊ." काकूंचा चेहरा पडला.

आता हा भाव पाडणार, म्हणून मी पुढे सरसावलो.

"तरी अस्सल हाय," तो म्हणाला. "याची किंमत मले झेपनार नाई. नागपूरले दाखवा, दारावरच्या भंगारवाल्याले देऊ नका. फक्त एक डाव माह्या मशीनवर लावून वाजवू द्या."

तबकडी संपून सुई नुसती खरखरत राहिली, तरी त्याने डोळे उघडले नाहीत. त्याला उठवायचं आमच्या दोघांच्याही जिवावर आलं.