बारमाही परवाना

चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेले चष्मेवाले काका म्हातारपणी तळ्याकाठच्या लाकडी घरात राहायला गेले. बायको गेली होती, शहरातली जागा मुलीच्या संसाराला अपुरी पडत होती. "मी तिकडेच बरा," म्हणून त्यांनी बॅग उचलली. घर मात्र उन्हाळ्यापुरतं. सुट्या संपल्या तशी शेजारची वीसेक कुटुंबं कुलपं लावून निघून गेली आणि काका तेवढे मागे राहिले.

धुराड्यातला धूर बघून कोणीतरी कळवलं असावं. इमारत खात्याच्या इन्स्पेक्टरबाई फाइल घेऊन दारात हजर.

"काका, परवाना सहा महिन्यांचाच आहे. बारमाही राहायचं तर पाण्याचा पाइप खोल गाडा, नाहीतर गोठून फुटेल. भिंतींत थंडी अडवणारा थर हवा. झोपायच्या खोलीची खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी हवी. आणि पायऱ्यांना कठडा. एकेक काम झालं की मला दाखवायचं."

"म्हणजे तुम्ही चार वेळा येणार?"

"यावंच लागेल."

काका हात धुऊन कामाच्या मागे लागले. पाइप झाला, बाई आल्या, चहा झाला. भिंती झाल्या, बाई आल्या, त्यांच्या आईच्या मोतीबिंदूवर तासभर बोलणं झालं. खिडकीही झाली. राहिला तो कठडा. एकदा आल्या तर हलत होता. दुसऱ्यांदा आल्या तरी हलतच होता.

"काका, दोन स्क्रूचं काम आहे हे."

"राहून जातं खरं," काका खाली बघत पुटपुटले. जन्मभर तिळाएवढे स्क्रू बसवलेला माणूस!

बाईंनी गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणून स्वतःच कठडा घट्ट केला, पायरीवर बसून चहा घेतला आणि बारमाहीचा शिक्का मारला.

"आता तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही."

"आणि तुम्ही?"

"घर नियमात बसलं की आमचं काम संपलं हो, काका. दहा गावं आहेत माझ्याकडे."

बर्फ पडायला लागल्यावर काकांनी अर्ज धाडला: लाकडं ठेवायला शेड बांधायची आहे, तपासणीस यावे. आठवड्याने छापील उत्तर आलं. एवढ्या लहान शेडला परवानगी लागत नाही, तपासणीही होत नाही. खाली सही दुसऱ्याच कोणाची तरी.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग कोट चढवून ते हमरस्त्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेले, नको असलेली काडेपेटी घेतली आणि दुकानदाराने शटर अर्धं ओढेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले.