शाळेमागचं वावर

मी नववीत असताना आमच्या शाळेत शेती हा विषय सुरू झाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट, सेलू तालुक्यातलं गाव. नवे आलेले शेतीचे सर नुसत्या पुस्तकावर भागवणारे नव्हते. त्यांनी शाळेमागच्या जमिनीची मोजणी करून घेतली आणि मुलांचं मंडळ काढलं. काय पेरायचं, पाणी कोणी द्यायचं, भाजी बाजारात कोणी न्यायची, हे मंडळानंच ठरवायचं. अध्यक्ष मत देऊन निवडायचा. दहावीतली एक मुलगी निवडून आली. बौद्ध मोहल्ल्यातली, आई मजुरीला जायची. ती बोलायची कमी, पण भांडण लागलं की दोघांचंही ऐकून घ्यायची. माझंही मत तिलाच होतं.

मोजणीत निघालं, की शाळेच्या जमिनीचा मोठा तुकडा माझ्या बाबांनी केव्हाचाच आपल्या वावरात घातला होता. खुणेचे दगड रोवले गेले त्या दिवशी बाबांनी जेवणाचं ताट आईच्या अंगावर फेकलं. मला म्हणाले, मंडळात जायचं नाही. त्या पोरीच्या हाताखाली तर मुळीच नाही. मी जात राहिले. कुठं जाते हे आई विचारत नव्हती.

हिवाळ्यात वांगी लागली. एका दुपारी आम्ही तोडणी करत होतो. बाबा आणि मोठा भाऊ वखराला बैल जुंपून आले आणि सरळ वांग्यांमध्ये घुसले. झाडं मोडल्याचा आवाज झाला तसे सर धावत जाऊन बैलांपुढे उभे राहिले. बाबांच्या हातात बैल हाकायची तुतारी होती. तिच्या टोकाच्या खिळ्यानं सरांचा गाल उभा फाटला. ते खाली वाकले तेव्हा भावानं हातातली काठी त्यांच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

मोठी मुलं विळे घेऊन धावली. मीही ढेकूळ उचललं होतं. आमची अध्यक्ष मध्ये आली.

"विळे खाली ठेवा. कोणी हात उचलाचा नाई."

मुलांनी विळे टाकले. तिनं एकाला मुख्याध्यापकांना आणायला पिटाळलं आणि स्वतः बैलांचा कासरा धरला. भावाची काठी तिच्या कानावर बसली. ती वांग्यात आडवी झाली, कानातून रक्त यायला लागलं. मी जाऊन तिच्यावर पडले. पाठोपाठ माझ्या बरगडीत लाथ बसली. मान वळवून पाहिलं, तर बाबा होते. त्यांनीही मला तेव्हाच ओळखलं.

"तू या लोकायच्या बाजूनं हायेस?" ते म्हणाले, आणि पुन्हा लाथ घातली.

मुख्याध्यापक माणसं घेऊन आले तेव्हा दोघं बैल सोडून निघून गेले. सरांना आणि तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. पोलीस जमादार शाळेत आला, कोणी मारलं म्हणून विचारायला लागला. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मग मीच सांगितलं.

"माह्या बाबानं सरायले मारलं. दादानं तिले."

मी पोचायच्या आत ही बातमी घरी पोचली होती. बाबांनी मला वेणीला धरून अंगणभर ओढलं. आई आतून मुसळ घेऊन आली. आयुष्यात तिनं त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"पोरीले आता हात लावून पाहा."

बाबांनी वेणी सोडली.

त्या संध्याकाळी मोहल्ल्यातली माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आमच्या घराकडे निघाली होती. हे मला पुढे त्या मुलीच्या आईकडून कळलं. ती दवाखान्यातून लेकीचा निरोप घेऊन आली आणि वाटेतच आडवी उभी राहिली. निरोप एवढाच होता, "त्या घरात माह्या मंडळातली पोरगी हाय." माणसं बराच वेळ तिथंच थांबली, मग परतली. पोलिसांनी बाबांना आणि भावाला रात्र व्हायच्या आत नेलं. आईनं सकाळी मला सिंदी मेघेला मावशीकडे पोचवलं. पुढचं शिक्षण मी तिथंच केलं.

पालकांच्या सभेचं मी नंतर ऐकलं. बरेच जण म्हणाले, हा विषयच बंद करा, पोरं मरतील. ती डोक्याला पट्टी बांधून सभेला आली आणि सगळ्यांसमोर सरांना विचारलं, मोडलेल्या झाडांच्या जागी आता काय लावायचं. सरांचा हात गळ्यात बांधलेला होता. मेथी, ते म्हणाले. विषय बंद झाला नाही. खटला रेंगाळला आणि समझोत्यात मिटला, पण जमीन शाळेकडेच राहिली.

तिचा डावा कान गेला तो गेलाच. दोन हजार सालानंतर ती कृषी सहायक झाली. मी तळेगावच्या बाजूला शिक्षिका झाले आणि तिथल्या शाळेत शेतीचा विषय सुरू करायला निघाले, तेव्हा गावकऱ्यांच्या सभेला ती माझ्या शेजारी बसली. थकलेले बाबा त्या वर्षी माझ्याकडे येऊन राहिले. मुलांनी पिकवलेली भाजी मी घरी आणायची, ते निमूट खायचे. त्या दुपारबद्दल ते बोलले नाहीत, आणि मी त्यांना माफ केलं की नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.