स्थळ बघावं तसं विद्यापीठ

आमच्या जामसंड्याच्या काकांइतका चौकस माणूस अख्ख्या देवगड तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. डॉक्टर निवडायचा तर धडधाकट असतानाच त्याच्या दवाखान्यात तासभर बसून येणार आणि कंपाउंडर म्हाताऱ्यांशी कसा बोलतो ते बघणार. आंब्याचा व्यापारी आला की भाव सोडून त्याच्या ड्रायव्हरला ‘जेवलंस काय?’ विचारणार. कोणाच्या मुलीसाठी स्थळ बघायचं असलं की काकांना हमखास गाडीत घालून नेत. तिथे हे दिवाणखान्यात टेकायचेच नाहीत. “पाय धुवन येतंय” म्हणून थेट मागीलदारी विहिरीवर जायचे आणि घरातल्या सुना एकमेकींशी बोलतात का, ते ऐकून यायचे. एक चांगला इंजिनिअर मुलगा त्यांनी “भांडी आपटतत रे” एवढ्यावर नाकारला होता.

काकी गेल्यापासून घरात काका आणि त्यांची एकुलती लेक. लेक हुशार, पण कमालीची अबोल. कॉलेजची तीन वर्षं तिनं डबा एकटीनं खाल्ला, हे तिच्या बाईंकडून कळलं तेव्हा काकांना ते फार लागलं. एम.एस्सी.साठी दोन विद्यापीठांत तिचा नंबर लागला. एक घाट चढून तीन तासांवर, दुसरं पार लांब, जायलाच एक दिवस. मी दोन्हीकडची ग्रंथालयं, प्रयोगशाळा, सगळी माहिती काढून दिली. काकांनी कागद घडी करून खिशात घातला.

“ह्या रवांदे रे. थंय सांजचा कोण कोणावांगडा बसता, ता बघूक व्हया.” कोण कोणासोबत बसतं, हे माझ्या कागदात नव्हतं.

गाडी माझी, म्हणून सारथी मीच. जवळच्या विद्यापीठात आम्ही तिघं शनिवारी पोचलो. इमारती झकास होत्या, पण कँटीनला कुलूप आणि गेटवर बॅगा घेतलेल्या मुलींची रांग. काकांनी एकीला गाठलं. “गो, ताप इलो तर तुका पेज कोण देता?”

“आई,” ती म्हणाली. “घर दोन तासांवर आहे ना. सुट्टीला इथे कोणीच थांबत नाही.”

लांबच्या ठिकाणी पुढच्या रविवारी गेलो. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर चारपाच मुली मटार सोलत भांडत होत्या. काकांचा तोच प्रश्न. तिथे पेज म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हतं. काका हिरमुसले. तेवढ्यात एका चष्मेवालीनं मोबाइल काढला. “कशी करतात, सांगा ना काका. हिच्या खोलीत शेगडी आहे.” काकांनी तांदूळ कुठला इथपासून मीठ कधी इथपर्यंत सांगितलं आणि तिनं सगळं टिपून घेतलं. मागे वळून बघतो तर लेक पायरीवर बसून मटार सोलत होती, आणि चक्क बोलत होती.

परतताना काका म्हणाले, “लांबचाच बरा.”

“बाबा, तुमचा काय?” लेकीनं विचारलं.

“माका काय झाला? आंब्याची कलमा आसत मा.”

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. सुरुवातीला रोज फोन यायचा. आता रविवारी येतो, तोही घाईत, मागे मैत्रिणींचा गोंगाट. काका माझ्या दुकानात येऊन कौतुकानं सांगतात, “तिका वेळ खंय आसा?” मग उगाच स्टुलावर बसून राहतात. मला वाईट वाटतं. आमच्याकडे जेवायला चला म्हटलं तर येत नाहीत.

“घरी भात केलंय रे,” म्हणतात. “हात अजून दोघांपुरतेच तांदूळ घेता.”