तोफखान्यातला वाचायचा ओटा

एखाद्या मोठ्या लेखकाचं घर बघायला तुम्ही गेलात, दाराचा फोटो काढलात, भिंतीवरचा फलक वाचलात. पण त्या गल्लीत आज कोण बसतं आणि उद्या त्यांना तिथे बसू देणार आहेत का, हे कधी विचारलंत?

मला ही सवय बाबांनी लावली. ते पत्रकं लिहीत. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं गिरवली ती गुलाबी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. पाणी, रेशन, मजुरी, एसटीचं भाडं, कशावरही बाबांचं पत्रक निघे आणि शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी काम सांगितलेलं असे. ‘नुसतं वाचून घडी घालून ठेवायचं असेल तर छापायचं कशाला?’ असं ते म्हणत.

पत्रक छापायला देण्याआधी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून तोफखाना नावाच्या जुन्या वस्तीत नेत. तिथल्या एका अरुंद गल्लीत ओळीनं लागलेल्या घरांपुढे लांबच लांब दगडी ओटा आहे. दुपारी त्या ओट्यावर बायका विड्या वळायला बसत. मांडीवर सूप, सुपात ओली तेंदूची पानं, तंबाखू, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. त्या बायका घरात तेलुगू बोलत आणि ओट्यावर मराठी. बाबा ओट्याच्या टोकाला बसून पत्रक मोठ्यानं वाचत. त्यांची नजर कागदावर कमी आणि बायकांच्या बोटांवर जास्त असे. बोटं थांबली की बाबा पेन काढून ते वाक्य खोडत.

ही रीत त्यांची स्वतःची नव्हती. बाबांच्या लहानपणी त्या गल्लीत एक शाळामास्तर भाड्यानं राहत, ते पुढे फार मोठे लेखक झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. गल्लीत ते मास्तरच होते आणि अजून मास्तरच आहेत. शाळा सुटली की ते ओट्यावर येऊन आपलं लिहिलेलं वाचून दाखवत. बायकांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती की ऐकतो, पण हात थांबता कामा नये, कारण मजुरी वळलेल्या विडीची होती, ऐकलेल्या गोष्टीची नव्हती. वाक्य लांबलं किंवा अवघड शब्द आला की बोटं अडखळत, पान फाटे. मग मास्तर तिथल्या तिथे वाक्य मोडून दोन करत. गल्लीवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं ते असं विड्या वळता वळता तपासलेलं आहे.

परत येताना बाबा सायकल हातात धरून चालत आणि मला त्या पुस्तकातल्या जागा दाखवत. धाकटी बहीण रुसून बसली तो पार. हातमागाचा खटखटाट जिच्यातून ऐकू येई ती खिडकी. दर दिवाळीला नव्यानं रंगवलं जाणारं निळं दार. पुस्तक कुठे संपतं आणि गल्ली कुठे सुरू होते हे मला त्या वयात कळत नसे. निळ्या दारातून रुसलेली बहीण बाहेर येईल म्हणून मी मागे वळून बघत राही. ओल्या पानाचा आणि तंबाखूचा उग्र वास कुठेही आला की मला आजही बाबांच्या सायकलची घंटी ऐकू येते.

विडी वाईट, हे मलाही कळतं. बाबांनी त्यावरही पत्रक काढलं होतं आणि रीतीप्रमाणे तेही त्याच ओट्यावर वाचलं होतं. बायका पोट धरून हसल्या.

‘दादा, लोकांनी ओढायच्या न्हाईत, मग आमी वळायचं काय, लाडू?’

बाबांनी घरी जाऊन ते पत्रक पुन्हा लिहिलं. त्यात विड्या वळणाऱ्यांना दुसरं काम द्या, हे आधी आलं.

आता बाबा नाहीत. पत्रकं मी लिहिते, आणि वर्षातून एकदोनदा मास्तरांच्या पुस्तकाचा माग काढत मुलांना घेऊन तोफखान्यात फिरते. गेल्या महिन्यात नेवासा, सोनई, सुपा या गावांची कॉलेजची मुलं आली होती. आम्ही पुस्तकातलं पान वाचायचो आणि ती जागा शोधायचो. पार सिमेंटचा झालाय. हातमागाच्या खिडकीत मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. निळ्या दाराच्या जागी शटर आलंय. मुलं हिरमुसली. मग ओटा लागला, तसाच्या तसा. त्याच्यावर तिघीजणी विड्या वळत होत्या. त्यांतल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी परकरात असताना मास्तरांना ऐकलेलं आणि पुढे बाबांनाही.

एक मुलगी ओरडली, ‘ताई, इकडे बघा! हेरिटेजवाल्यांनी खूण केलीये!’

ओट्याच्या दगडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रंगाची रेघ ओढलेली होती. मुलांनी धडाधड फोटो काढले.

‘काढा, काढा,’ मावशी मान वर न करता म्हणाल्या. ‘पुढं फोटूच राहनार हाय.’

‘म्हणजे?’ मी विचारलं.

‘म्हंजे तोडनार. रस्ता रुंद व्हनार हाय. रेघेच्या आतलं समदं जानार.’

‘मग तुम्ही काही बोलला नाहीत?’

‘कुनाला बोलू? ते सकाळी आल्ते. सकाळी आमी कुठं आस्तो?’

सकाळी त्या आदल्या दिवसाच्या विड्या घेऊन कारखान्यात रांगेला असतात. विड्या द्यायच्या, नवी पानं घ्यायची आणि पानं भिजवून दुपारी ओट्यावर बसायचं. बाबांच्या काळात हेच होतं, मास्तरांच्या काळातही हेच. पाहणी करणारे सकाळी आले, त्यांना ओटा रिकामा दिसला आणि त्यांनी लिहून नेलं की ओटा वापरात नाही.

‘आत बसून नाही का वळता येणार?’ सुप्याच्या मुलानं विचारलं.

मावशींनी त्याच्या हातात एक पान दिलं आणि त्याला खोलीत पाठवलं. ‘जा, शीर सोडून काप.’ खोलीत एकच दिवा. तो पान कापून बाहेर आला तेव्हा शीर बरोबर मधोमध आली होती, म्हणजे पान वाया. मावशी हसल्या. पण त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आतल्या उजेडात त्यांनाही शीर दिसत नाही. आत बसून वळलेल्या विड्या कारखाना खराब म्हणून फेकेल आणि मग त्यांना पानं देणं बंद करेल. ‘मला दुसरं काय येतं, पोरी? या वयात सुनेपुढं हात पसरू?’

दुसऱ्या दिवशी मी पालिकेच्या कार्यालयात जाऊन भांडले. तिथले अधिकारी माझ्याच वयाचे. भांडण नको म्हणून असेल किंवा मास्तरांचं पुस्तक त्यांनीही वाचलं होतं म्हणून असेल, ते दुपारी गल्लीत आले. तिघींना बघून जरा वरमले.

‘मॅडम, मास्तरांचा आम्हालाही अभिमान आहे. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर ग्रॅनाइटचा फलक बसवतोय आम्ही.’

‘साहेब,’ मावशी म्हणाल्या, ‘फलकावर बसता येतं का?’

ते हसले. मग हळूच म्हणाले, ‘पण आजी, तीनच तर जणी आहात.’

‘हुतो पस्तीसजनी. जागा ऱ्हायली तर चौथी येईल. जागाच न्हाई तर कोन येईल?’

साहेबांनी समोरच्या बाजूला टेप लावून बघितला. तिकडे एका बंद गोदामाची भिंत आहे. रेघ तिकडे सरकू शकते, असं त्यांनी सांगितलं, पण ठरवणार वरचे. वरचे लोक बुधवारी पाहणीला येणार आहेत आणि ओटा वापरात आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. त्यांना सकाळी नव्हे, दुपारी आणायचं साहेबांनी कबूल केलं.

हे सगळं पत्रक मी काल ओट्यावर बसून वाचून दाखवलं. ‘तुझा बाप लई लांब लिवायचा, माझा दोरा तुटायचा,’ असं मावशींनी आधीच बजावलं होतं. दोनदा हात थांबले. एकदा, मी संस्कृती आणि विकास यावर मोठा परिच्छेद लिहिला होता तिथे. तो काढला. दुसऱ्यांदा बाबांच्या सायकलच्या घंटीपाशी थांबले. मी पेन काढलं. मावशींनी माझा हात धरला.

‘ते ऱ्हाऊ दे.’

म्हणून ते राहिलंय. आता तुमचं काम. येत्या बुधवारी दुपारी तोफखान्यात या. कुणालाही मास्तरांचा ओटा विचारा. येताना वाचण्यासारखं काहीतरी घेऊन या, स्वतः लिहिलेलं असेल तर फारच छान. ओट्यावर जागा धरून बसा आणि मोठ्यानं वाचा. फक्त बायकांच्या बोटांकडे लक्ष ठेवा, आणि बोटं थांबली तर वाक्य छोटं करा.